सात नाटकं आणि प्रेमाच्या सात तऱ्हा

आमच्या आजेसासूबाई फारसं बोलायच्या नाहीत. पहाटे उठायचं, आपलं आपलं काम करायचं, दुपारी ओट्याशी बसून भाजी निवडायची. पण रेडिओवर नाट्यगीतं लागली आणि त्यात ‘शारदा’ नाटकातलं एखादं पद आलं, की त्यांचे हात थांबायचे. पद संपेपर्यंत गवारीची शेंग तशीच बोटात. मग पुन्हा भाजी सुरू. मी नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, यांना गाण्याची आवड असेल. पुढे सासूबाईंकडून कळलं. पैठणकडच्या एका खेड्यात, वयाच्या बाराव्या वर्षी, चाळिशीतल्या बिजवराशी त्यांचं लग्न लागलं होतं. नाटक त्यांनी पाहिलेलं नव्हतं. गोष्ट मात्र ठाऊक होती, कारण ती गावोगावच्या बायकांना ठाऊक होती.

ही गोष्ट ज्यांनी लिहिली ते गोविंद बल्लाळ देवल. मी बीएला मराठी घेतलं होतं, तेव्हा देवल म्हणजे परीक्षेत पाच मार्कांची टीप, एवढीच ओळख. सात नाटकं, त्यांची सालं, कुठलं नाटक कशावरून घेतलं, झालं. पण गेली काही वर्षं मी एका कुटुंब सल्ला केंद्रात जाते. समोर जोडपी बसतात, भांडतात, रडतात. आणि अनेकदा मनात येतं, अरे, हे तर देवलांनी लिहून ठेवलंय!

देवलांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५५ चा. त्यांचं गाव सांगलीजवळचं हरिपूर, कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथलं. संगमेश्वराचं देऊळ, नदीचा घाट, आणि जमिनीत खोल खणलेली हळदीची पेवं, यासाठी हे गाव प्रसिद्ध. शेजारच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ करून मराठी नाटकाची सुरुवात केलेली. म्हणजे नाटक या मुलाच्या अंगणातच वाढत होतं म्हणायला हरकत नाही. आणखी एक योगायोग बघा. देवल वर्षाचेही नव्हते तेव्हा, १८५६ साली, विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. पुढची साठ वर्षं, म्हणजे देवलांचं अख्खं आयुष्य, घराघरात एकाच विषयावर वाद चालू होता. बाईचं लग्न कधी व्हावं, कुणाशी व्हावं, नवरा गेला तर पुन्हा व्हावं का. तिला कुणी विचारत नव्हतं ते वेगळं.

शिक्षणाच्या निमित्तानं कोल्हापूर, बेळगाव असा त्यांचा प्रवास झाला. बेळगावला अण्णासाहेब किर्लोस्करांशी गाठ पडली आणि आयुष्याची दिशाच ठरून गेली. देवलांनी काही काळ शिक्षकाची नोकरीही केली, पण जीव नाटकात. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं, दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं, आणि महाराष्ट्राला संगीत नाटकाचं वेड लागलं. देवल या सगळ्यात गुरूंच्या बरोबर होते. काम करायचे, तालमी घ्यायचे, पदं कशी बसवायची ते शिकायचे. १८८५ साली किर्लोस्कर गेले. देवल तेव्हा तिशीचे. त्यानंतरच त्यांचं स्वतःचं लेखन खऱ्या अर्थानं सुरू झालं.

एकूण नाटकं सात. त्यातली सहा दुसऱ्यांच्या कृतींवरून घेतलेली, काही संस्कृतातून, काही इंग्रजीतून. यावरून त्यांना कमी लेखणारे लोक आहेत. मला तसं वाटत नाही. साडी दुसऱ्यानं विणलेली असते, पण निवडते ती बाई आणि नेसतेही तीच. देवलांनी काय काय निवडलं ते एका ओळीत मांडून पाहिलं, तर प्रेमाच्या इतक्या तऱ्हा एकाच माणसाच्या हातून मराठीत आल्या, याचं नवल वाटतं.

पहिलं ‘दुर्गा’, १८८६ चं. ते ‘इझाबेला’ या इंग्रजी नाटकावरून घेतलेलं. मूळ गोष्ट अशी, की नवरा लढाईत मेला अशी बातमी येते. पदरी मूल, सासरा दारात उभं करत नाही, देणेकरी दाराशी. एक भला माणूस कितीतरी दिवस तिच्यासाठी झुरतो आहे. शेवटी ती त्याच्याशी लग्न करते, आणि लग्नानंतर पहिला नवरा जिवंत परत येतो. दोघंही पुरुष चांगले, दोघांचंही तिच्यावर खरं प्रेम, आणि त्या दोन प्रेमांच्या मध्ये त्या बाईचा बळी जातो. हे नाटक आलं तेव्हा मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, म्हणून त्या कोर्टात उभ्या होत्या. अशा दिवसांत दुसरं लग्न केलेली बाई रंगभूमीवर आणायची आणि प्रेक्षकांना तिच्यासाठी रडायला लावायचं, हे सोपं नव्हतं.

मग आलं ‘मृच्छकटिक’. शूद्रकाचं संस्कृत नाटक, देवलांनी ते १८८७ च्या सुमारास मराठीत आणलं आणि त्यात पदं घातली. हे माझं सगळ्यात आवडतं. दानधर्मात सगळं घालवून बसलेला चारुदत्त आणि उज्जयिनीची श्रीमंत गणिका वसंतसेना. इथे प्रेमाची सुरुवात बाईकडून होते, आणि ती पैशापाठी मुळीच नाही. चारुदत्ताचा लहानगा शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून रडतो, मातीची गाडी नको म्हणतो. तेव्हा वसंतसेना अंगावरचे दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते. नाटकाचं नावच त्यावरून पडलं. नायकाच्या दुसऱ्या बाईनं नायकाच्या मुलाचं रडं थांबवायचं! आपल्याकडच्या मालिकांमध्ये ‘दुसरी बाई’ कशी दाखवतात ते आठवा.

पण माझं लक्ष नेहमी धूतेकडे जातं. धूता म्हणजे चारुदत्ताची बायको. वसंतसेनेनं विश्वासानं ठेवायला दिलेले दागिने त्यांच्या घरातून चोरीला जातात. लोक म्हणतील गरिबीपायी यानंच लाटले, म्हणून धूता माहेरची रत्नमाळ काढून देते, आणि तीही नवऱ्याला अपमान वाटू नये अशा बेतानं, दुसऱ्याच्या हातून. नाटकात तिचं काम किती छोटं! पण घर तिनंच सावरलेलं असतं. चारुदत्ताला सुळावर चढवणार ही बातमी ऐकून हीच बाई अग्नीत उडी घ्यायला निघते. शेवटी ती वसंतसेनेला बहीण मानून घरात घेते आणि प्रेक्षक खूश होऊन घरी जातात. मी दर वेळी थोडी अस्वस्थ होते. धूतेला खरंच काय वाटलं असेल, हे शूद्रकानंही नाही सांगितलं आणि देवलांनीही नाही. आमच्या केंद्रात अशा कितीतरी धूता येतात. मंगळसूत्र गहाण टाकून नवऱ्याची अब्रू राखलेल्या, आणि तो नवरा समोरच्या खुर्चीवर मान खाली घालून बसलेला.

त्याच नाटकात आणखी एक जोडी आहे. शर्विलक नावाचा शिकलेला ब्राह्मण तरुण वसंतसेनेच्या दासीवर, मदनिकेवर प्रेम करतो. तिला दास्यातून सोडवायला पैसे हवेत, म्हणून तो चारुदत्ताच्या घराला भोक पाडून चोरी करतो. मदनिका खूश होईल असं त्याला वाटतं, आणि तिला तर घामच फुटतो. प्रेमापायी गुन्हा करणारा पुरुष आणि त्याला शहाणपण शिकवणारी बाई. हे मोलकरणीचं प्रेम मला नायक-नायिकेच्या प्रेमाइतकंच मोठं वाटतं.

कालिदासाचं ‘विक्रमोर्वशीय’ आणि बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून लिहिलेलं ‘शापसंभ्रम’ (१८९३), ही दोन नाटकं आता फारशी कुणी करत नाही. एकात अप्सरेसाठी रानोमाळ वेडापिसा फिरणारा राजा आहे, दुसऱ्यात गेलेल्या प्रियकराची वाट पाहत सरोवराकाठी तप करणारी महाश्वेता. शाप, पुनर्जन्म, स्वर्गातली माणसं. वाचायला गोड, पण आपल्या स्वयंपाकघरापर्यंत ते पोचत नाही, असं माझं आपलं मत.

‘झुंझारराव’ मात्र थेट पोचतं. १८९० चं हे नाटक म्हणजे शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’. देवलांनी डेस्डिमोनाची कमळजा केली, कपटी इयागोचा जाधवराव केला, आणि सगळं असं मराठमोळं केलं की परकं काही वाटूच नये. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी झुंझाररावाची भूमिका करायचे, ती फार गाजली. बापाची मर्जी मोडून कमळजेनं ज्याच्याशी लग्न केलं, तोच शूर सरदार संशयानं आंधळा होऊन तिचा जीव घेतो. आणि मग सत्य कळल्यावर स्वतःचाही. शेक्सपिअरच्या मूळ नाटकात हा सगळा अनर्थ एका रुमालावरून होतो. रुमाल हरवतो, भलत्याच्या हाती सापडतो, आणि एका निरपराध बाईचं मरण ठरतं.

आता गंमत पाहा. तीन वर्षांनी, १८९३ साली, याच देवलांनी याच विषयावर लोकांना पोट धरून हसवलं. नाटकाचं नाव ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. मूळ मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनाचं, तिथून आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकात आलेलं, तिथून मराठीत. पुढे यालाच पदं घालून ‘संशयकल्लोळ’ झालं. पुरुषांची नावं महिन्यांवरून आणि बायकांची नक्षत्रांवरून. रेवतीला रस्त्यात चक्कर येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि नेमकं त्याच्या बायकोला, कृत्तिकेला ते दिसतं. रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते, आणि बायको परपुरुषाची तसबीर न्याहाळताना फाल्गुनराव पाहतो. झालं! तिथे रुमाल, इथे तसबीर. तिथे मुडदा पडला, इथे हशा. संशय दोन्हीकडे तोच.

आमच्या केंद्रात आज तसबिरीच्या जागी मोबाईल असतो. कुणाचा मेसेज, रात्री किती वाजता ऑनलाईन, डीपीवर बदाम कुणी टाकला. जोडपं येऊन बसलं की पहिल्या दहा मिनिटांत मी मनाशी ठरवायचा प्रयत्न करते, की हा फाल्गुनराव आहे की झुंझारराव. फाल्गुनराव असेल तर चहा पाजून, हसवून, दोघांना एकाच स्कूटरवर घरी पाठवता येतं. झुंझारराव असेल तर त्या बाईला त्या रात्री घरी पाठवायचं नसतं. एकदा आमचा अंदाज चुकला होता. त्यावर मी इथे लिहिणार नाही, पण तेव्हापासून ‘संशयकल्लोळ’ पाहतानासुद्धा मला मधूनच हसू येईनासं होतं.

आणि मग ‘शारदा’. १८९९ साली इंदूरला किर्लोस्कर मंडळीनं पहिला प्रयोग केला. देवल तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. सातातलं हे एकच नाटक कुणाचं घेतलेलं नाही, पूर्ण त्यांचं. हरिपूरच्या पारावर बसून त्यांनी ते लिहिलं, असं तिथले लोक सांगतात. मला ते पटतं, कारण यातली माणसं पुस्तकातली नाहीत, गावातलीच आहेत. पंच्याहत्तरीला टेकलेला धनाढ्य भुजंगनाथ, त्याला पुन्हा बोहल्यावर चढायची हौस. लग्नं जमवून दलाली खाणारा भद्रेश्वर दीक्षित. पोरीच्या बदल्यात पैसे मोजून घेणारा बाप कांचनभट. जीव तुटतोय पण घरात जिचा शब्द चालत नाही अशी आई, इंदिराकाकू. आणि मैत्रिणींमध्ये खेळणारी, थट्टामस्करी करणारी शारदा. पहिल्या अंकात म्हाताऱ्या नवऱ्याची चेष्टा करून पोरी हसतात, आणि आपल्या नशिबात तेच आहे हे कळल्यावर शारदेचं हसू विरतं.

सुधारक तरुण कोदंड हे लग्न मोडायला धडपडतो. त्याला डांबून ठेवतात. तो सुटून ऐन लग्नात येतो आणि नवरा-नवरी एकाच गोत्राचे आहेत हे उघड करतो. लग्न थांबतं. टाळ्या पडतात. दुसरा एखादा नाटककार असता तर इथेच पडदा पाडला असता.

देवलांनी नाही पाडला. त्यांनी विचारलं, की आता या मुलीचं काय? अंगाला हळद लागलेली, मांडवातून उठलेली, पदरात ना लग्न ना कुमारीपण. आता हिला कोण पदरात घेणार? शारदा जीव द्यायला निघते. कोदंड तिला वाचवतो, आणि शेवटी शंकराचार्यांच्या संमतीनं दोघांचं लग्न होतं.

हा शेवटचा भाग मला कॉलेजात ओढूनताणून आणलेला वाटायचा. आता वाटत नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही एक लग्न थांबवलं. मुलगी पंधरा वर्षांची, आईवडील ऊसतोडीला जाणारे. तिथे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, जोडी असेल तर उचल मिळते, आणि वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची हाही प्रश्न. १०९८ वर कुणीतरी फोन केला. ग्रामसेवक, अंगणवाडीताई, पोलीस आणि आम्ही दोघी, असे सगळे मांडवात पोचलो. लग्न थांबलं, पंचनामा झाला, बापानं लिहून दिलं. आम्ही विजयी मुद्रेनं गावाबाहेर पडलो. महिन्याभरानं गेले तर ती पोर घराबाहेर पडत नव्हती. शेजारच्या बायका तिला मांडवातून उतरलेली म्हणत होत्या. शाळेत जायची लाज, पाण्याला जायची लाज. तिला माझ्याशी एक शब्दही बोलायचा नव्हता. त्या दिवशी एसटीत बसून मला देवलांचा शेवटचा अंक आठवला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला जे सुचलं, ते आम्हाला पंचनामा करताना सुचलं नव्हतं.

नंतर तिला आम्ही शहरात वसतिगृहात आणलं, त्याला सात महिने लागले. यंदा ती बारावीला आहे.

एक तक्रार मात्र देवलांपाशी करायची राहतेच. शारदा आणि कोदंड यांच्यात प्रेम असं दिसतच नाही. त्याला वाईट प्रथा मोडायची आहे, तिला जगायचं आहे. इतर नाटकांत प्रेमाच्या इतक्या तऱ्हा रंगवणाऱ्या लेखकानं स्वतःच्या नाटकात नायिकेला प्रेम करायला सवडच दिली नाही. पण मग वाटतं, तेव्हाच्या शारदेला ती सवड होती कुठे? १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा केली, तर केवढा गदारोळ उठला होता.

१९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला, मुलीचं वय चौदा आणि मुलाचं अठरा. आपल्याकडे तो ‘शारदा कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. ते नाव विधेयक मांडणाऱ्या हरविलास सारडा यांच्यावरून पडलं. पण नाटकाचा ठसाच असा, की कितीतरी लोक ते देवलांच्या शारदेचंच नाव समजतात. आपल्या मराठवाड्याला मात्र त्याचा उपयोग नव्हता. कायदा ब्रिटिश मुलखापुरता, आणि आपण निजामाच्या राज्यात. आमच्या आजेसासूबाईंचं लग्न त्यानंतर चार-पाच वर्षांनी झालं. पुढे १९७८ ला मुलीचं वय अठरा झालं, २००६ ला नवा कायदा आला. तरी २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर जणींमागे जवळजवळ बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आपल्या शेजारच्या बीड आणि परभणी जिल्ह्यांत तर शंभरात चाळीसहून जास्त. भुजंगनाथ आता पंच्याहत्तरीचा नसतो, पंचविशीचा असतो, एवढाच फरक.

‘शारदा’नंतर देवलांनी नवं नाटक लिहिलं नाही. ते तालीम मास्तर म्हणून मोठे झाले. शब्दाचा अर्थ चेहऱ्यावर आधी आला पाहिजे, ताना नंतर, अशी त्यांची शिकवण. गणपतराव बोडस त्यांच्याच हाताखाली तयार झाले. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेल्या नारायण राजहंस या मुलालाही त्यांनीच घडवलं. तोच आपला बालगंधर्व. विचार करा, शारदेचं दुःख, वसंतसेनेचं प्रेम, रेवतीचा रुसवा, हे सगळं एका पुरुषानं लिहायचं, पुरुषांना शिकवायचं आणि पुरुषांनीच लुगडं नेसून करायचं. बायका फार तर प्रेक्षकांत. तरीसुद्धा त्यातलं काही खोटं वाटत नाही.

शेवटी शेवटी गंधर्व नाटक मंडळीसाठी देवलांनी जुन्या ‘फाल्गुनरावा’त पदं घातली. ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आलं ते १९१६ साली, बोडसांचा फाल्गुनराव आणि बालगंधर्वांची रेवती. तुफान चाललं. पण देवल पाहायला नव्हते. त्याच वर्षी १४ जूनला ते गेले होते. दर वर्षी त्यांच्या स्मृतिदिनी, १४ जूनला, नाट्य परिषदेचे पुरस्कार दिले जातात.

माझ्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी आपल्या एकनाथ रंगमंदिरात ‘संशयकल्लोळ’ लागलं होतं. मी हट्टानं आजेसासूबाईंना घेऊन गेले. ऐंशी वर्षांच्या होत्या. आयुष्यात पाहिलेलं ते त्यांचं पहिलं आणि एकमेव संगीत नाटक. तोंडाला पदर लावून पूर्ण वेळ हसत होत्या. परत येताना रिक्षात त्यांनी मला विचारलं, की ‘शारदा’ कधी लागणार आहे का इथे. मी म्हटलं, लागलं की नेते. पुढे त्या होत्या तोवर काही ते लागलं नाही.